मिठाच्या पाण्यातली पहाट

मंडळी, दाराशी उभे आहेत त्यांनी पुढं यावं. पुढच्या दोन रांगा आपल्या मंडळाच्या लोकांसाठी राखून ठेवल्या होत्या, त्याच रिकाम्या आहेत, तेव्हा संकोच करू नका. बंगाली क्लबाची माणसं आली आहेत. हिंदी नाटकवाले आले आहेत. इथल्या गोरखपूर मोहल्ल्यातली सुखदेवरावांची सगळी गल्ली आली आहे. आपली मंडळी मात्र कमी. आज कुणाकडे लग्न नाही, मुलांच्या परीक्षा नाहीत. मला संशय येतो. मी बोलणार आहे म्हणून आली नाहीत, की मी काय बोलणार आहे याचा वास लागला म्हणून?

मला आज बोलणं जड जातंय. आयुष्यभर बोलूनच पोट भरलं, तरी जड जातंय. नितीन, आपला सेक्रेटरी, काल घरी आला. म्हणाला, "अंकल, तुम्हीच सगळ्यात जुने, दो मिनट बोल दीजिए, बस." मी हो म्हणालो. नितीन बेटा, ती दोन मिनिटं संपत आली आहेत. आता तू घड्याळाकडे पाहू नकोस.

जे मला ओळखत नाहीत त्यांना सांगतो. या इमारतीत पूर्वी मराठी शाळा होती. मी तिथं मराठी शिकवायचो. सगळे मास्तर म्हणतात. वय ब्याऐंशी. स्मरणशक्तीचं विचाराल तर पाचवीच्या पुस्तकातल्या कविता अजून सगळ्या पाठ आहेत, सकाळची गोळी घेतली की नाही ते मात्र सुनेला विचारावं लागतं.

आत्ता नितीननं शोकप्रस्ताव वाचला. चांगला वाचला. त्यात एक शब्द आहे. "मंडळाचे जुने वायरमन सुखदेव रामटेके." वायरमन. हा शब्द नितीनचा नाही, त्यानं जुन्या कागदांवरून घेतला. त्याच कागदांत, मंडळाच्या एका वार्षिक अहवालात, एक वाक्य आहे. स्पर्धेच्या प्रयोगात शेवटच्या अंकात अंधार झाला, तो प्रकाशव्यवस्थेतील हेतुपुरस्सर हलगर्जीमुळे. असं ते वाक्य आहे.

मंडळी, ते वाक्य खोटं आहे. चौपन्न वर्षं खोटं आहे. आणि ते मी लिहिलंय. ते आज खोडायचं, एवढ्यासाठी मी उभा आहे.

आता नीट सांगतो.

राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडं गेलं, जबलपूर इकडं राहिलं. आपली निम्मी नातीगोती गाडीत बसून निघून गेली आणि आपण फलाटावर रुमाल हलवत राहिलो, असं मला तेव्हा वाटायचं. शाळेत दरवर्षी मुलं कमी. पालक म्हणायचे, मास्तर, मराठी घरी बोलून घेऊ, शाळा हिंदीच बरी. त्या दिवसांत आम्ही फार संशयी झालो होतो. कोण घरात हिंदी बोलतो, कोण मुलीला बाहेर देतो, कोण सभागृह दुसऱ्यांना मिळवून देतोय. एकमेकांकडे तिरकं पाहायची सवयच लागली. नाटक तेवढं आमचं उरलं होतं. उन्हाळ्यात एक नाटक.

सुखदेवराव कारखान्यात वायरिंगचं काम करायचे. घर विदर्भातलं, भंडाऱ्याकडचं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं घर. अप्पा, आमचे दिग्दर्शक, त्यांना घेऊन आले. अप्पा म्हणाले, हा दिवे लावेल. दिवे लावेल, इतकंच. वयानं सुखदेवराव माझ्याहून मोठे. मी त्यांना "सुखदेव" म्हणायचो. ते मला "मास्तर, तुमी" म्हणायचे. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. मला तर नाहीच.

नाटकाची भाषा मला त्यांनी शिकवली. मला वाटायचं, नाटक म्हणजे संवाद. मी लिहायचो आणि प्रॉम्प्टरही मीच, कारण माझा एक शब्द कुणी बदलला तर मला झोप लागायची नाही. सुखदेवराव मला हाताला धरून रंगमंचावर फिरवायचे. ही झालर, वरचे दिवे लपवायला. हा फ्लॅट, कापड ताणलेली चौकट, याला टेकू नका, भिंत पडते. हा मागचा पडदा, यावर सावली पडू द्यायची नाही, नाहीतर आभाळात माणूस दिसते. हे पायदिवे, खालून उजेड मारतात, तुमच्या हिरोईनच्या नाकाखाली मिशी काढतात. आणि विंगेबद्दल त्यांनी मला जे सांगितलं ते मी पुढं प्रत्येक नव्या नटाला सांगितलं, माझंच म्हणून सांगितलं. "मास्तर, विंगेत उभं राहून तुमाले पब्लिक दिसून राहिली, तर समजा पब्लिकलेही तुमी दिसून राहिले."

मी त्या वर्षी एक नाटक लिहिलं. माझं एकुलतं एक. शेवटच्या अंकात पहाट होते. एक बाई रात्रभर नवऱ्याची वाट पाहून अंगणात येते, आणि उजाडतं. सूचना मी काव्यमय लिहिली होती. अरुणोदयाची कोवळी लाली क्षितिजावर विखुरते, वगैरे. सुखदेवरावांनी ती दोनदा वाचली आणि विचारलं, "मास्तर, ही कोवळी लाली म्हन्ता ते किती वॅटची?"

मी रागावलो. ते हसले नाहीत. त्यांना खरंच हवं होतं. मग त्यांनी मला पहाट कशी असते ते विचारलं. आधी काय दिसतं, झाडाचा शेंडा की भिंत? पिवळं आधी की तांबडं? मी कविता म्हणून दाखवायचो, ते ऐकून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, शेंडा की भिंत? मी पहाटेवर शंभर ओळी पाठ केल्या होत्या, पहाट पाहिली नव्हती. ते ड्यूटीवरून सकाळी परत यायचे, त्यांनी पाहिली होती.

दिवा एकदम लावला तर पहाट होत नाही, मंडळी, बटण होतं. दिवा हळूहळू वाढायला पाहिजे. त्याला डिमर लागतो. आज इथं मुलं एका बोटानं करतात. आमच्याकडे कुठला डिमर? सुखदेवरावांनी मिठाच्या पाण्याचा केला. एक मोठा माठ, ओमती मोहल्ल्यातल्या कुंभाराकडून आणलेला. त्यात पाणी, पाण्यात अडीच किलो मीठ. तळाशी पत्र्याची एक ताटली, तिला एक तार. दुसरी ताटली वर दोरीला टांगलेली, तिला दुसरी तार. वरची ताटली पाण्यात हळू सोडत जायची. खारं पाणी वीज जाऊ देतं. ताटल्या जितक्या जवळ येतील तितका दिवा उजळतो. मीठ नसेल तर वीज जात नाही. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. ही एवढी गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. पहाट मी लिहिली, पण ती कशात ठेवली आहे हे मी कधी विचारलं नाही.

दोरी सोडायला माप पाहिजे. घड्याळ विंगेत अंधारात दिसत नाही. मग मी त्यांना वृत्त शिकवलं. भुजंगप्रयात. लगागा लगागा लगागा लगागा. एका ओळीला दोरी एक बोट सोडायची, सोळा ओळींत पूर्ण उजाडतं. त्यांना ते फार आवडलं. फ्लॅटला खिळे ठोकताना म्हणायचे, सायकलवर म्हणायचे. माझ्या वर्गात इतक्या मुलांना मी वृत्तं शिकवली, त्यांनी मार्क घेतले आणि विसरले. वृत्ताचा कामाला उपयोग केला तो एकाच माणसानं. वंदनाताई, तुमच्या वडिलांनी.

आता तो दिवस.

स्पर्धा होती. नागपूरहून परीक्षक यायचे होते. आम्हाला दाखवायचं होतं की आम्ही अजून आहोत. संध्याकाळचा प्रयोग. दुपारी रंगमंचाची पूजा झाली. नारळ फोडला. अप्पांनी एकेकाला हाक मारून बोलावलं, नट, रंगभूषावाले, पेटीवाले, पडदा ओढणारासुद्धा. सुखदेवराव शिडीवर होते. त्यांना कुणी हाक मारली नाही. ते शिडीवरूनच पाहत होते. प्रसाद वाटला तेव्हा ते पुन्हा तारेत डोकं घालून होते.

पिण्याच्या पाण्याचा माठ आमच्याकडे नेहमी उजव्या विंगेत असायचा. त्या दिवशी सुखदेवरावांनी तो डावीकडे नेला होता, कारण त्यांची तार उजवीकडेच पुरत होती. त्या जागी त्यांनी आपला माठ मांडला. हे मला माहीत नव्हतं. पूजेनंतर मी उजव्या विंगेत आलो तर काय पाहतो? सुखदेवराव माठात कोपरापर्यंत हात घालून पाणी ढवळत आहेत. ताटल्या आणि तारा ते शेवटच्या अंकाआधी अंधारात सोडायचे, त्यामुळे मला दिसलं ते नुसतं पाणी. मला पाहून म्हणाले, "मास्तर, पहाट कालवून राहिलो." आणि हात पुसत मुख्य बटणाकडे गेले.

मंडळी, मी काय केलं ते मी सांगतो. कुणी मध्ये बोलू नका.

मी बादली आणली. माठ बादलीत ओतला. बादली माझ्या वर्गातून मागच्या दारानं नेली आणि मोगऱ्याच्या आळ्यात ओतली. दोन खेपा केल्या. माठ विसळला. नळाचं ताजं पाणी भरलं. वर वाळ्याची जुडी टाकली, पाणी गार राहावं, वास यावा म्हणून. मी स्वतःला सांगितलं, स्वच्छतेचा प्रश्न आहे, कलावंत आहेत, घसा बसायचा. असंच सांगितलं स्वतःला. पण वर्षभरापूर्वी अप्पांनी पान खाल्लेला हात त्याच पाण्यात घातला होता तेव्हा मी बादली आणली नव्हती.

प्रयोग सुरू झाला. पहिले दोन अंक छान गेले. परीक्षक पुढं झुकून बसले होते. शेवटचा अंक. मी उजव्या विंगेत, वही हातात, लहानसा दिवा झाकून. माझ्यापासून दोन हातांवर सुखदेवराव, दोरी धरून. बाई अंगणात आली. मी ऐकलं. लगागा लगागा लगागा लगागा. अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. एक ओळ, दुसरी ओळ, आठवी ओळ. दिवा नाही. सुखदेवरावांचं माप चुकलं नाही. सोळा ओळी पूर्ण झाल्या. दोरी संपून तिची गाठ अडकल्याचा आवाजही मी ऐकला. रंगमंचावर काळोख. आणि त्या काळोखात आमची नायिका, बिचारी, तिला जे लिहून दिलं होतं ते म्हणाली. "बघा ना, उजाडलं."

सभागृह हसलं. परीक्षकसुद्धा हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "कहाँ उजाला हुआ, बहनजी?" मग पडदा.

मी हे ऐकलं होतं, मंडळी. त्या माणसानं सोळाच्या सोळा ओळी मोजल्या हे ऐकणारा मी एकटा होतो. म्हणजे त्यांनी मुद्दाम काही केलं नाही, हे त्याच क्षणी मला माहीत होतं. दिवा का लागला नाही ते माहीत नव्हतं. पण त्यांनी केलं नाही, हे माहीत होतं.

आठ दिवसांनी कमिटी बसली. माझ्याच वर्गात, बाकांवर. अप्पा शिक्षकाच्या खुर्चीत. सुखदेवराव फळ्याजवळ उभे. कुणी बसा म्हणालं नाही, की म्हणालं? मला वाटतं नाही म्हणालं. अप्पांनी विचारलं, काय झालं? सुखदेवराव म्हणाले, मीठ मी टाकलं होतं. प्रयोगानंतर पाणी चाखलं. गोडं होतं. कुणी म्हणालं, विसरला असशील टाकायला. ते म्हणाले, मास्तरांसमोर कालवलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा, त्या क्षणी, माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी. मीठ. माझी बादली.

मग सुखदेवरावांनी खिशातून वाळ्याची जुडी काढली. वाळून कडक झालेली. पहिल्या बाकावर ठेवली. म्हणाले, "माठात हे होतं जी."

बस्स, एवढंच.

वाळा कशात टाकतात? पिण्याच्या पाण्यात. माठ विसळून वाळा कोण टाकतं? ज्याला वाटलं की पाणी बाटलं. त्या वर्गात आम्ही नऊ जण होतो. नऊच्या नऊ जणांना समजलं. मी चेहरे पाहिले आहेत. अप्पा टेबलाकडे पाहत होते. एकानं चष्मा पुसायला काढला तो पुसतच राहिला. आणि मग आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. यातला कोण? हा? की तो? ती दोन-तीन मिनिटं मी आयुष्यात विसरलो नाही. इतका संशय एका खोलीत मी पुन्हा पाहिला नाही. आणि त्यातून सुटायचा एकच सोपा रस्ता होता. आपल्यातल्या कुणावर संशय घेण्यापेक्षा त्यांच्यावर घ्यायचा.

कुणीतरी म्हणालं, वाळा काय, कुठूनही येतो. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, पूजेला बोलावलं नाही म्हणून राग धरला असेल. किती पटकन सुचलं बघा. आम्ही बोलावलं नव्हतं, हे आम्हाला चांगलं माहीत होतं, म्हणून तर राग कशाचा असेल हेही माहीत होतं.

अप्पांनी मला विचारलं, मास्तर, तुम्ही तिथंच होता. काही पाहिलं?

मी म्हणालो, "माझं लक्ष वहीत होतं. माणसाच्या मनात काय असतं, ते मी कसं सांगू?"

हे वाक्य मी बोललो. साधं वाक्य. मराठीच्या शिक्षकाला शोभेल असं. त्या वाक्यानं काम झालं. अप्पा म्हणाले, सुखदेव, काही दिवस येऊ नकोस. सुखदेवरावांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तारेत करंट आहे की नाही ते टेस्टर लावून पाहतात ना, तसं पाहिलं. मग ताटल्या, दोरी, तारेचं भेंडोळं घेऊन सायकलवर गेले. वाळा बाकावरच राहिला. तो मी मुलं यायच्या आत उचलून फेकला.

त्या वर्षीचा अहवाल मी लिहिला. हेतुपुरस्सर. सहा अक्षरी, भारदस्त. वार्षिक सभेत मीच मोठ्यानं वाचला. याच सभागृहात.

त्यानंतर मोगरा वाळला. मीठ मुळाशी गेलेलं. पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या, मग झाड काळं पडलं. एक दिवस वर्ग सुटल्यावर पाहतो तर सुखदेवराव मागच्या कुंपणापाशी सायकल धरून उभे. कुंपणातून हात घालून त्यांनी एक पान तोडलं. जिभेला लावलं. मग मान वर करून माझ्या वर्गाच्या दाराकडे पाहिलं. त्या दाराची किल्ली फक्त माझ्याकडे असायची, हे त्यांना माहीत होतं. मी खिडकीच्या आड सरकलो. विंगेतला नियम मी विसरलो होतो, मला ते दिसत होते म्हणजे त्यांनाही मी दिसत होतो.

दिसलो का? कळलं का त्यांना? हा किडा तेव्हापासून माझ्या डोक्यात शिरला. तुम्हाला वाटेल, अपराधी माणसाला पश्चात्ताप होतो. मला पश्चात्ताप झाला नाही. मला संशय आला. त्यांचा. हा माणूस केव्हा बोलेल? कुणाकडे बोलेल? ते बंगाली क्लबात दिवे करू लागले तेव्हा वाटलं, तिथं सांगत असतील. हिंदीवाले त्यांचं नाव घोषणेत आदरानं घेऊ लागले, "प्रकाश परिकल्पना, श्री सुखदेव रामटेके," तेव्हा वाटलं, हे मला ऐकवण्यासाठी आहे. बाजारात भेटले, हसले, तर का हसले? हसले नाहीत, तर का हसले नाहीत? आणि आपली नाटकं? आपली नाटकं पुढं वीस वर्षं ट्यूबलाइटमध्ये झाली. पहाट, दुपार, मध्यरात्र, सगळं एकाच पांढऱ्या उजेडात.

पुढं नवी कमिटी आली, तिनं त्यांना परत बोलावलं. ते आले. काही अट नाही, काही बोलणं नाही. तालमीला मी बसलो होतो. ते माझ्याजवळ आले, हातात पाण्याचा ग्लास. म्हणाले, "मास्तर, गरमी आहे, पाणी घ्या." सगळ्यांसमोर. मी म्हणालो, आत्ताच घेतलं. ते म्हणाले, बरं. आणि तो ग्लास त्यांनी स्वतः उभ्या उभ्या पिऊन टाकला, सगळा. आता सांगा, ते सहज होतं? की ती माझी परीक्षा होती? मी कित्येक वर्षं यावर विचार केला. आज वाटतं, गरमी होती. माणसानं पाणी विचारलं. एवढंच असेल.

की हेही मी आज म्हातारपणी सगळं मऊ करून सांगतोय? तोही संशय आहे. माझ्यावर माझा विश्वास फारसा उरलेला नाही.

गेल्या महिन्यात कळलं, तब्येत बरी नाही. गेलो. खिडकीजवळ खाट. वंदनाताईंनी पाणी आणून ठेवलं, चहा ठेवायला आत गेल्या. मी ग्लास उचलून प्यायलो. त्यात काही मोठेपणा नाही, मंडळी. चौपन्न वर्षांनी एक ग्लास पाणी प्यायलो, त्याच्या टाळ्या नसतात. ते पाहत होते. मी म्हणालो, सुखदेवराव, त्या दिवशीचं पाणी.

ते म्हणाले, "कोणी फेकलं, ते झाडानं सांगितलं होतं, मास्तर. काहून फेकलं, ते वाळा पाह्यला तवाच समजलं."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, कोणी मानलं असतं? नऊ जणांसमोर तर ठेवला होता बाकावर. अजून काय बोलायचं?

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली. माफ केलं म्हणाले नाहीत. खोटं कशाला सांगू? म्हणाले, "मले सांगून काय होते? मले तर माहीतच होतं. रिपोर्ट तुमी सगळ्यांसमोर वाचला होता."

मग वंदनाताई चहा घेऊन आल्या आणि आम्ही गुडघेदुखीवर बोललो.

वंदनाताई, हे तुम्हाला आधी घरी येऊन सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. भीती वाटली की तुम्ही म्हणाल, राहू द्या काका, आता बाबा गेले. तुम्ही तसं म्हणाला असता तर मी राहू दिलं असतं. मला माझी सवय ठाऊक आहे. म्हणून थेट इथं बोललो. तुमची मान खाली आहे. तुम्ही वर पाहावं असं म्हणायचा मला अधिकार नाही.

नितीन, अहवालांची ती फाइल आण. कपाटात खालच्या कप्प्यात आहे, मी सकाळी पाहून ठेवली. ते वाक्य माझ्या हातानं खोडतो, आणि शेजारी लिहितो की माठातलं पाणी मी फेकलं, कारण रामटेके यांचा हात त्या पाण्यात मी पाहिला होता. कारणासकट लिहितो. कारण गाळलं तर पुन्हा गोलमोल निबंधच होईल. खाली सही करतो. आणि शोकप्रस्तावात वायरमनच्या जागी लिही, प्रकाशयोजनाकार. तिकडं बंगाली क्लबाच्या कागदांवर ते पन्नास वर्षं प्रकाशयोजनाकार आहेत. आपल्याकडे आजपासून.

कुणाचा आक्षेप आहे? अप्पांच्या घरचे बसले आहेत, त्यांना वाईट वाटलं असेल. वाटू द्या. आक्षेप असेल तर आत्ता सांगा, बाहेर चहाच्या टपरीवर नको.

नाही? चलो.

आता आपण उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. मीही नाही.

त्याआधी एकच. सुखदेवराव मला भेटले की हात जोडून "जय भीम, मास्तर" म्हणायचे. रस्त्यात, तालमीला, गेल्या महिन्यात खाटेवरूनसुद्धा. मी दर वेळी "नमस्कार" म्हणायचो. शब्द चांगलाच आहे, पण मी तो मध्ये धरायचो, दार ओढून घ्यावं तसा. एकदाही त्यांचा शब्द मी त्यांना परत दिला नाही. ते मात्र म्हणायचे थांबले नाहीत.

सुखदेवराव, उशीर झाला. जय भीम.